ती बाई शेवटी जेवली का?

शेषराव नाना मयतीला जातात ते बक्षिसं वाटायला. हे मी कुचेष्टेनं म्हणत नाही. आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत कुणी गेलं की नाना धुतलेला पांढरा सदरा घालून, टोपी सारखी करून सगळ्यांच्या आधी हजर होतात. बांबू आणतात, सुतळी आणतात, कुणाला फोन करायचे राहिलेत ते बघतात. काम उरकलं की अंगणाच्या कडेला भिंतीला टेकून उभे राहतात आणि मग तिथून निकाल जाहीर होतो. हळू आवाजात, शेजारी जो कोणी असेल त्याच्या कानात. बहुतेक वेळा तिथं मीच असते. आमची घरं एकमेकांना चिकटून आहेत, आणि मला मयतीत रडता येत नाही, म्हणून मीही बायकांच्या घोळक्यातून निसटून कडेलाच येऊन थांबते.

कोपऱ्यावरचे किराणावाले शेठ गेले तेव्हाची गोष्ट. नाना माझ्याकडं न बघता म्हणाले, "सहायक अभिनेत्री, थोरली सून. पदर तोंडावर हाय, पर डोळा कपाटाच्या किल्लीवर."

अशा वेळी हसू येऊ नये म्हणून मी पाढे म्हणते. जन्मभर शाळेत शिकवल्याचा एवढाच फायदा झाला.

"ध्वनी, धाकटी बहीण. रिक्षातून उतरूस्तोवर शांत व्हती. फाटकात पाय ठेवला अन् आवाज फोडला. लई कसलेली बाई."

"आणि मुख्य पारितोषिक?" मी विचारू नये ते विचारलं.

नानांनी हनुवटीनं फाटकाकडं दाखवलं. दुकानातला म्हातारा हमाल तिथं उभा होता. तो रडत नव्हता. शेठच्या चपला उंबऱ्याशी उन्हात पडल्या होत्या, त्या त्यानं उचलून भिंतीच्या सावलीत ठेवल्या, आणि आपलं काम झालं असं समजून परत जागेवर जाऊन उभा राहिला.

"मेलेल्या माणसाच्या पायाला चटका बसू नये म्हनून," नाना म्हणाले. "एकमतानं."

नाना कोर्टात बेलीफ होते. बेलीफ म्हणजे ज्याला लांबून येताना बघूनच लोक दाराला कडी घालतात तो माणूस. समन्स बजावायचं, जप्तीला जायचं, कुणाची भांडी बाहेर काढायची. निकाल दुसऱ्याचा आणि शिव्या यांना. पट्टेवाला रजेवर असला की कोर्टाच्या दारात उभं राहून पुकाराही यांनीच करायचा. नोकरीला लागले तेव्हा बेलीफांवरचे साहेब, म्हणजे नाजर, निजामाच्या अमदानीतले होते. पोलीस ॲक्शन होऊन राज्य कधीच बदललं होतं, पण नाजरांची उर्दू जबान काही बदलली नव्हती, आणि जाताना ती ते नानांच्या गळ्यात घालून गेले. त्यामुळे दूधवाला दूध देऊन गेला की नाना अजून "तामील झाली" म्हणतात. भाजीवाल्याशी वाजलं तर तो मुद्दई, म्हणजे फिर्यादी, होतो. आणि बायकोनं विचारलं, "अवो, कालवन कसं झालंय?" तर हात धुता धुता उत्तर मिळतं, "निकाल राखून ठेवलाय."

बायकोचं नाव कौसल्या. देवगाव रंगारीच्या दोन शेजारच्या आळ्यांतली ही दोघं. सगळी गल्ली तिला कौसाकाकू म्हणायची. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळ्या गल्लीला जेवलास का म्हणून विचारायला काकू मोकळ्या होत्या. पोस्टमनला विचारायच्या, मीटर बघायला आलेल्याला विचारायच्या. एकदा चोर समजून पकडलेल्या एका पोराला लोक मारत होते, तिथं मधे घुसून त्यालाही विचारलं होतं. तो रडायला लागला आणि लोकांचा मारायचा मूड गेला.

आता या माणसाचा आणि सिनेमाचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. दरवर्षी थंडीत आपल्या शहरात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. नाना निवृत्त झाल्यावर एका सकाळी पेपरात त्यांना बातमी दिसली, की महोत्सवाची ज्यूरी जाहीर झाली. नाजर त्यांना सांगायचे की पूर्वी मोठ्या शहरातल्या कोर्टांत ज्यूरी असायची, साधीसुधी माणसं बसून न्याय करायची, मग सरकारनं ती बंद केली. नानांनी बातमी परत वाचली, टोपी घातली आणि जालना रोडच्या मॉलमधल्या थिएटरात ज्यूरी बघायला गेले.

ज्यूरी त्यांना अजिबात पसंत पडली नाही. "एकाच्या पँटीला गुडघ्यावर भोक. दुसरा कानात बाळी घालून. असल्यांपुढं मुद्दई कसा बोलंल?" पण तिकीट काढलंच आहे तर बसले. आणि जे बसले ते दरवर्षी बसू लागले.

नानांना इंग्रजी येत नाही. पडद्याखालून धावणाऱ्या ओळी त्यांच्या दृष्टीनं मुंग्या. पण कोर्टात वकील इंग्रजीत भांडायचे तेव्हाही हे दारात उभे असायचेच, आणि नुसती तोंडं बघून कोण जिंकणार ते सांगायचे. तेच शास्त्र त्यांनी इथं लावलं. कधीकधी फसायचं. एका सिनेमातल्या बहीणभावाला ते शेवटपर्यंत नवराबायको समजले आणि "इतका सोशिक नवरा बघितला नाय" म्हणून त्याला मनातल्या मनात बक्षीस देऊन आले.

पण नानांचा खरा सिनेमा सुरू व्हायचा तो घरी आल्यावर. काकू कधी महोत्सवाला गेल्या नाहीत. "अंधारात बसून दुसऱ्याचं दुख बघायचं, त्याला घर काय वाईट हाय?" असं त्यांचं म्हणणं. मात्र दिवेलागणीला नाना परतले की त्या निवडायचे तांदूळ घेऊन समोर बसायच्या आणि म्हणायच्या, "हं, सांगा." आमची भिंत पातळ, त्यामुळे मलाही फुकट ऐकू यायचं.

नाना सिनेमा सांगायचे तो पंचनामा केल्यासारखा. "मौजे बर्फाचा देश. सकाळची येळ. एक बाई, वय अंदाजे पन्नास, घराबाहिर आली. हातात बादली. बादली रिकामी. नवरा हजर नाय." असं सगळं. ती बाई पुढं मुलाला शोधत बर्फातून हिंडायची, बंदूकवाले यायचे, घर जळायचं. काकू तांदळातले खडे बाजूला टाकत ऐकायच्या. सगळं संपलं की एकच विचारायच्या.

"मंग ती बाई शेवटी जेवली का?"

"दाखवलं नाय."

"दाखवलं नाय, पर जेवली आसंल ना?"

"कौसे, पाह्यलं तेवढंच सांगायचं. पदरचं घातलं की गवाही खोटी पडती."

काकू मान हलवायच्या. त्यांचं समाधान व्हायचं नाही. या महोत्सवाच्या सिनेमांत माणसं खूप रडायची, खिडकीबाहेर बघत खूप वेळ बसायची, सिगारेटी ओढायची, पण पोटभर जेवताना कुणी दिसायचं नाही. शेवटच्या दिवशी काकू आपलं बक्षीस जाहीर करायच्या. ज्यात कुणीतरी कुणाला निदान पाणी तरी पाजलं असेल, त्याला ते जायचं. महोत्सवाचं बक्षीस दुसऱ्यालाच गेलं, तर नाना पेपर बाजूला फेकून म्हणायचे, "खालच्या कोर्टाचा निकाल हाय. वरच्या कोर्टात टिकायचा नाय." वरचं कोर्ट आत भाकरी थापत असायचं.

पुढं नानांनी काकूंचा तो प्रश्न थेट महोत्सवात न्यायला सुरुवात केली. सिनेमा संपल्यावर दिग्दर्शक समोर येऊन उभे राहतात आणि प्रेक्षक त्यांना प्रश्न विचारतात. आपल्याकडची शिकलेली माणसं तिथं प्रश्न विचारायला उठतात आणि भाषण करून खाली बसतात. त्यांच्या मधून नाना हात वर करायचे. माईक हातात आला की छातीशी धरून म्हणायचे, "डायरेक्टर साहेबांना इचारा, ती बाई शेवटी जेवली का?" लोक हसायचे. दुभाषी पोरगी लाजत लाजत भाषांतर करायची. एकदा एका थंड मुलखातला दाढीवाला दिग्दर्शक ते ऐकून इतका वेळ गप्प राहिला की लोकांचं हसू आपोआप थांबलं. मग तो म्हणाला, मला माहीत नाही, मी तिला कधी विचारलंच नाही. नाना खाली बसले आणि घरी आल्यावर काकूंना म्हणाले, "कबुली दिली त्यानं."

अशी मजेत चालली होती गाडी. मग काकूंच्या घशात भाकरी अडकायला लागली.

आधी भाकरी, मग भात, मग पाणीसुद्धा. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला, तोही पुढं गेलेला. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. पोटाला नळी बसवून दिली आणि त्यातून पातळ पेज, दूध, नाचणीचं पाणी द्यायला सांगितलं. सगळ्या गल्लीला जेवलास का विचारणाऱ्या बाईच्या तोंडात एक घास जाईना. मी देवाधर्माची बाई नाही, पण तेव्हा देवाचा इतका संताप यायचा, की संतापासाठी तरी तो असावा असं वाटायचं.

माझी शाळा सकाळची. दुपारी मी काकूंजवळ बसू लागले. नळीतून पेज सोडायचं नाना शिकले, मीही शिकले. काकू आमच्या हातांकडं बघायच्या आणि विचारायच्या, "बाई, तुमी जेवल्या का?"

अशात थंडी आली आणि नानांना महोत्सवाचा फोन आला. तिथं मोठ्या ज्यूरीबरोबर प्रेक्षकांतल्या चारपाच जणांची एक वेगळी ज्यूरी असते, ती आपलं एक बक्षीस देते. जेवली का विचारणारे काका एव्हाना तिथं प्रसिद्ध झाले होते. यंदा तुम्ही ज्यूरीत या, असं ते म्हणाले.

नानांनी फोनवरच नाही म्हणून सांगितलं. घरात पेशंट आहे, म्हणाले. काकू पडल्या पडल्या ऐकत होत्या. त्यांनी खुणेनं फोन खाली ठेवू नका म्हणून सांगितलं.

"कामून नाय म्हनता? जल्मभर जजाच्या दाराबाहिर उभं ऱ्हायले. आता आत बोलावत्यात तर जा की."

"कौसे, तुझं हे असं."

"माझं हे असंच ऱ्हानार. म्या मरायची ती मरनारच, निदान जजाची बायको म्हनून मरू द्या."

मी तोंड फिरवून नळी धुवायला गेले. नानांनी फोन परत कानाला लावला. मग म्हणाले, "हजर राहतो."

मला वाटतं, त्या दोघांचाही त्यात आपापला लोभ होता. नानांना एकदा तरी निकाल देणाऱ्या खुर्चीत बसायचं होतं. काकूंना यंदाचे सिनेमे ऐकायचे होते. पुढच्या थंडीला आपण नसू हे त्यांना डॉक्टरांपेक्षा चांगलं माहीत होतं, त्यामुळे यंदाचं बक्षीस द्यायचंच, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी मोठ्या ज्यूरीच्या प्रमुख बाईंनी दोन्ही ज्यूरींना एकत्र बसवलं. त्या परदेशी दिग्दर्शिका होत्या, केस पिकलेले आणि बारीक कापलेले. त्यांनी नियम सांगितला, की बक्षीस जाहीर होईपर्यंत स्पर्धेतल्या सिनेमांबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही. मित्राशी नाही, घरी नाही, नवऱ्याशी किंवा बायकोशीही नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि चहाकडं वळले. नाना मात्र उठून उभे राहिले, उजवा हात वर केला आणि ईश्वरसाक्ष खरं वागेन म्हणून अख्खी शपथ खड्या आवाजात घेतली. ते ऐकून त्या बाईही उभ्या राहिल्या म्हणे. कोर्टात नानांनी खोट्या शपथा रोज ऐकलेल्या. स्वतः घ्यायची पाळी त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली होती, आणि ती ते मोडणार नव्हते.

नेमकी कशाची शपथ घेतली, हे बहुधा संध्याकाळी घरी आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. काकूंनी दुपारपासून केस विंचरून घेतले होते. उशीला टेकून बसल्या होत्या. नाना आले, पाय धुतले, खुर्ची ओढून बसले.

"हं, सांगा," काकू म्हणाल्या.

समन्स हातात पडलेल्या लोकांचे चेहरे नाना नक्कल करून दाखवायचे. त्या वेळी त्यांचा स्वतःचा चेहरा तसा झाला.

"मनाई हाय, कौसे. निकाल लागूस्तोवर बोलायचं नाय. शपथ झालीय."

काकूंनी त्रागा केला असता तर बरं झालं असतं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि भिंतीकडं वळल्या. मी पिशवी उचलली आणि चपला घालत होते, तेवढ्यात मागून नानांचा आवाज आला. घसा खाकरून, जरा चाचरत.

"मौजे समुद्राचं गाव. दुपारची येळ. एक बाई. वय... वय अंदाजे चाळीस."

काकू परत वळल्या. मी उंबऱ्यावरच थांबले. समुद्राच्या गावातल्या त्या बाईचा नवरा मासे धरायला गेला होता, वादळ आलं, होडी दिसेना. काकू ऐकत होत्या. शेवटी होडी आली.

"मंग ती बाई जेवली का?"

"जेवली," नाना म्हणाले. "दोघं बी जेवली. गरम भाकर, पिठलं, वर कांदा."

"तिकडं पिठलं खात्यात?"

"तिकडं दुसरं नाव हाय त्याला."

मला सोडायला ते फाटकाशी आले, तिथं मी त्यांना गाठलं. "नाना, शपथ एका दिवसात मोडली?"

"नाय बाई. त्यातलं एक अक्षर तिथल्या पिक्चरमदी नाय." त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "जल्मात पहिल्यांदा पदरचं घालायलोय. लई अवघड काम हाय. हे डायरेक्टर लोक कसं करत आसतील?"

मग रोज संध्याकाळी एक नवा सिनेमा. दिवसभर नाना मॉलच्या अंधारात बसून खरे सिनेमे बघायचे, ते पोटात दाबून ठेवायचे, आणि स्कूटरवरून घरी येईपर्यंत एक खोटा सिनेमा जुळवायचे. एकदा तर मुकुंदवाडीच्या रेल्वे फाटकापर्यंत उगाच पुढं जाऊन परत आले, कारण सिनेमाचा शेवट होत नव्हता. लढाईवरून सैनिक परत यायचा आणि आई त्याला ताट वाढायची. खाणीत अडकलेली माणसं वर यायची आणि पंगत बसायची. एका सिनेमात बर्फातल्या अस्वलालासुद्धा कुणीतरी भाकरीचा तुकडा टाकला.

दुसऱ्या की तिसऱ्या दुपारी मी पेज सोडत असताना काकू हळूच म्हणाल्या, "बाई, हे खोटं सांगायलेत."

"कशावरून?"

"सगळी जेवत्यात." त्यांना हसू आलं. हसताना नळी ओढली जायची, म्हणून पोटावर हात धरून हसल्या. "इतक्या वर्सांत एक बाई जेवली नाय यांच्या पिक्चरमदी. अन् आता अस्वल बी जेवायलं. सांगू नका त्यांना. लबाडी जमंना, तरी माझ्यासाठी करायलेत."

काकूंची तब्येत त्या आठवड्यात उतरत चालली होती. आवाज बसला, श्वास लागायला लागला. नानांनी ज्यूरी सोडायचं काढलं की त्या डोळे मोठे करायच्या. बक्षीस समारंभ जवळ आला होता. तो झाला की नाना बोलायला मोकळे होणार होते, खरे सिनेमे सांगणार होते. तेवढे दिवस काढायचे, एवढाच आम्हा तिघांचा हिशेब होता. तसं कुणी बोललं मात्र नाही.

समारंभाच्या दोन दिवस आधी नाना आले ते थकलेले. खुर्चीत बसले आणि टोपी हातात फिरवत राहिले. माझ्या लक्षात आलं, यांच्याकडचं पदरचंही संपलंय. मग त्यांनी सुरुवात केली.

"मौजे उंटांचा देश. मोठा दुष्काळ. रस्त्याचं काम निघालंय. एक तरणी बाई उन्हात खडी फोडायलीय. नवीन लगीन. नवरा लांब, शहरात नोकरीला. पगार हातात नाय आजून."

काकूंनी डोळे मिटले होते.

"कामावर खायला सरकारी सुकडी मिळायची, ती त्या दिवशी आली नाय. नवऱ्याला कळलं. त्यानं खानावळीतून आपलं ताट बांधून घेतलं. भाकर, ठेचा. सायकलवर निघाला. ऊन मी म्हनत होतं. दिवस कलला तवा पोचला. बाभळीखाली बसले दोघं. दोघांनी बरोबर भाकर मोडली. दोघं बी पोटभर जेवले." नाना थांबले. "संपलं."

मग काकूंनी डोळे न उघडता हात पुढं केला. नानांनी तो धरला.

"यंदाचं बक्षीस ह्याला," काकू म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की मला पुढं वाकावं लागलं. "पर एक चूक हाय."

"काय?"

"त्यो बाबा जेवला नव्हता. म्या वाटंत खाल्लंय, म्हनला. खोटं बोलला. पोटात आवाज व्हत व्हता त्याच्या, बाईनं ऐकला. पर बाईला लई भूक व्हती. तिनं गपगुमान सगळं खाल्लं. त्याला अर्धी बी दिली नाय." थोडा श्वास घेऊन त्या म्हणाल्या, "तवापासून ती बाई दिसंल त्याला इचारती."

मला वाटलं, नाना म्हणतील, निकाल राखून ठेवलाय. कुठल्याही अडचणीतून सुटायची त्यांची ती वाट होती. पण ते तसं काही म्हणाले नाहीत.

"व्हय," ते म्हणाले. "नव्हता जेवला."

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी शाळेत असताना, काकू गेल्या.

मी येईपर्यंत देवगावहून पुतणे आले होते. अंगण भरलं होतं. कडेच्या भिंतीपाशी त्या दिवशी मी एकटीच. नाना मधे, काकूंच्या पायांपाशी, कोर्टात उभे राहायचे तसे हात बांधून उभे होते. एक नातेवाईक बाई फाटकातून टाहो फोडत आली, तिच्याकडं त्यांनी बघितलंही नाही. गल्लीतले दोघेतिघे चोरून नानांच्या तोंडाकडं बघत होते. आज निकाल काय लागतो, असं त्यांच्या डोळ्यांत होतं, आणि मला त्यांचा राग आला.

उचलायच्या आधी नाना एकदम हलले. उंबऱ्याशी काकूंच्या चपला होत्या, कित्येक महिने पायात न घातलेल्या. ऊन सरकत तिथवर आलं होतं. नानांनी त्या उचलल्या आणि भिंतीच्या सावलीत, माझ्या पायांजवळ आणून ठेवल्या. आपण काय केलं हे त्यांना कळलं असेल असं वाटत नाही. मयतीत मला रडता येत नाही, असं मी वर लिहिलंय. त्या दिवशी आलं.

समारंभ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ज्यूरीच्या वतीनं बक्षीस वाचून दाखवायचं काम नानांकडं होतं. महोत्सवात बातमी कळवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि घरात सुतक. नाना सदरा घालून निघाले तेव्हा पुतणे आडवे झाले, गल्ली तर थुंकायचीच बाकी राहिली. नाना एवढंच म्हणाले, "तारीख लागलीय. ज्याला समन्स, त्यानं हजर व्हायचं." मी रिक्षा बोलावली आणि त्यांच्याबरोबर बसले. लोक मलाही काय म्हणाले ते मी इथं लिहीत नाही.

दिव्यांच्या झगमगाटात नाना स्टेजवर चढले. सिनेमाचं परदेशी नाव त्यांनी समन्सवरचं नाव वाचावं तसं तोडून तोडून, दोनदा वाचलं. टाळ्या झाल्या. ते उतरायला वळले, तेवढ्यात निवेदक पोरगा माईक घेऊन पुढं आला. त्या बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं.

"नाना, असं कसं जाता? यंदा तुमचा प्रश्न नाही विचारायचा? मंडळी, आठवतोय ना नानांचा प्रश्न?"

आणि ते भरलेलं थिएटर हसत हसत एका सुरात ओरडलं, "ती बाई जेवली का?"

नाना तिथंच उभे. हसणं ओसरेपर्यंत त्यांनी वाट बघितली, मग माईकजवळ वाकून म्हणाले, "निकाल राखून ठेवलाय." लोकांनी परत टाळ्या वाजवल्या.

राख सावडून झाली, पुतण्यांबरोबर नाना पैठणला गोदावरीत ती सोडून आले. पाहुणे पैठणहूनच आपापल्या वाटेनं गेले. दिवेलागणीला माझ्या दारावर थाप पडली. नाना उभे होते, एकटेच.

"बाई, येळ हाय का जरा? शपथ सुटली माझी. पिक्चर सांगायचे ऱ्हायलेत."

मी त्यांना आत घेतलं. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून त्यांच्यासाठी पिठलं-भाकरी करून ठेवलीच होती. ताट वाढून समोर ठेवलं. नानांनी ते हातानं थोडं बाजूला सरकवलं.

"मी वाटंत खाल्लंय," ते म्हणाले.

मी ताट तिथंच राहू दिलं. त्यांच्यासमोर बसले. निवडायला तांदूळ नव्हते, म्हणून हात मांडीवर ठेवले. खरं सांगायचं तर मला सिनेमाची आवड नाही, आणि दुःखाच्या सिनेमाची तर मुळीच नाही.

"मौजे डोंगराचा देश," नानांनी सुरुवात केली. "सकाळची येळ. एक म्हातारी, वय अंदाजे सत्तर. दारात बसलीय. पोरगा शहरात गेलाय, तो यायचाय." ते सांगत गेले. पोरगा येत नव्हता. टपाल येत नव्हतं. म्हातारी रोज दोन माणसांचा स्वयंपाक करायची आणि झाकून ठेवायची. हिवाळा आला. शेवटी एक गाडी डोंगर चढून येताना दिसली, म्हातारी उठून उभी राहिली, आणि पडदा काळा झाला. यालाच ज्यूरीनं बक्षीस दिलं होतं.

नाना थांबले. सिनेमा संपला होता, तरी ते उठेनात. समोर बघत नुसते बसून राहिले. कशाची वाट बघताहेत, ते माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

"मग ती बाई शेवटी जेवली का?" मी विचारलं.

"दाखवलं नाय," नाना म्हणाले. मग, पाहिलेल्या सिनेमात पदरचं कधी न घालणारा तो माणूस हळूच म्हणाला, "पर जेवली आसंल."

मी ताट परत त्यांच्यासमोर सरकवलं.

"आणि तो बाबा?"

नानांनी माझ्याकडं बघितलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग ताट जवळ ओढून त्यांनी भाकरी मोडली.